हृदयाच्या दोन प्राणघातक गती : व्ही.टी. आणि व्ही.एफ. – भेद व चिकित्सकाचे कर्तव्य

चरकाचार्यांनी त्रिमर्मांत हृदयाची गणना केली आणि सुश्रुताचार्यांनी ते सद्यःप्राणहर मर्मांत घातले. 'सद्यः' म्हणजे सात दिवसांच्या आत, असे आपण पदवी अभ्यासक्रमात पाठ केलेले असते. प्रत्यक्ष चिकित्सालयात मात्र हा काळ कधी तासांत, तर कधी मिनिटांत मोजावा लागतो. तासांत मोजायचा की मिनिटांत, हे ज्या दोन विकृतींच्या भेदावरून ठरते, त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी साठीच्या उंबरठ्यावरील एक गृहस्थ स्वतः जिना चढून आमच्या चिकित्सालयात आले. पहाटेपासून छातीत धडधड, घाम आणि थोडी घबराट, एवढीच तक्रार होती. तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याचे त्यांनी सांगितले. ते आमच्या कानांवर पडले, मनावर पडले नाही. नाडी मोजता येऊ नये इतकी द्रुत, रक्तदाब १००/७०, बोलणे अगदी सुसंगत. 'हृद्द्रव, वातप्रकोप, त्यात चिंता' असे आम्ही मनाशी ठरविले. ई.सी.जी. काढून घ्यावा म्हणून मुलाच्या मोटारसायकलवर बसवून त्यांना जवळच्या रुग्णालयात पाठविले. रुग्णालयाच्या पायरीवर ते कोसळले. शॉक देण्याचे यंत्र आत तयार होते, म्हणून ते वाचले. मॉनिटर लावला तेव्हा व्ही.एफ. होती, आणि तुमच्यासमोर बसले होते तेव्हा बहुधा व्ही.टी. असावी, असे तेथील हृद्रोगतज्ज्ञांनी नंतर आम्हांस सांगितले. अर्ध्या तासाच्या आत एकाच रुग्णात दोन्ही अवस्था घडल्या होत्या, आणि पहिली आमच्या बोटांखाली होती.

दोन्हींचे मूळ निलयांत

हृदयाच्या स्पंदनाची आज्ञा प्राकृत अवस्थेत उजव्या अलिंदातील सायनस नोडमधून निघते, ए.व्ही. नोडपाशी क्षणभर थांबते आणि नियत मार्गाने दोन्ही निलयांत पसरते. व्हेन्ट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजेच व्ही.टी., हिच्यात ही आज्ञा निलयांतच उत्पन्न होते. निलयातून निघालेली तीन वा अधिक स्पंदने लागोपाठ, मिनिटाला शंभराहून अधिक वेगाने आली की तिला व्ही.टी. म्हणतात, तीस सेकंदांपेक्षा अधिक टिकली तर ती 'सस्टेन्ड' होय. बहुसंख्य रुग्णांत कारण जुन्या झटक्याचा व्रण असते. मृत स्नायूच्या त्या डागाभोवती, जिवंत उरलेल्या अरुंद पट्ट्यांतून विद्युत्‌लहर घाण्याच्या बैलाप्रमाणे फिरत राहते, आणि तिच्या प्रत्येक फेऱ्याला निलये एकदा आकुंचन पावतात. म्हणजे गती विकृत असली तरी तिला क्रम असतो. हृदयाला भरण्यास वेळ कमी मिळतो, परंतु काही रक्त पुढे जाते. व्रण नसलेल्या, अन्यथा निरोगी हृदयातही व्ही.टी. होऊ शकते, ती तुलनेने सौम्य असते, मात्र तिचा निर्णय तज्ज्ञाने करावा.

व्हेन्ट्रिक्युलर फिब्रिलेशन अर्थात व्ही.एफ. हिच्यात क्रमच उरत नाही. एका लहरीच्या अनेक लहरी होऊन त्या निलयभर सैरावैरा धावतात. स्नायूचा प्रत्येक भाग आपापल्या वेळी आकुंचन पावतो, आणि संपूर्ण निलय वाऱ्यावरच्या पिंपळपानासारखा नुसता थरथरतो. रक्त पुढे जात नाही. पाच-दहा सेकंदांत रुग्ण बेशुद्ध होतो, चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूस कायमची इजा होऊ लागते. व्ही.टी. आपोआप थांबू शकते, व्ही.एफ. आपोआप थांबेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

नाडी काय सांगते, काय सांगत नाही

नाडीपरीक्षा हे आपले बलस्थान, आणि या विषयात भेदाची पहिली खूणही नाडीच आहे. व्ही.एफ.मध्ये नाडी नसतेच. व्ही.टी.मध्ये ती असू शकते, क्षीण असू शकते, वा नसूही शकते. नाडीविरहित व्ही.टी.ची चिकित्सा तंतोतंत व्ही.एफ.प्रमाणे होते. कोसळलेल्या रुग्णाच्या मनगटावर मात्र विसंबू नये; मानेतील कॅरोटिड धमनी पाहावी, आणि तीही दहा सेकंदांहून अधिक नाही. थांबत थांबत चालणारी नाडी शार्ङ्गधराचार्यांनी प्राणनाशक सांगितली, हे आपणा सर्वांस ज्ञात आहे. त्यामुळे अनियमित नाडी सापडली की वैद्य सावध होतो. गोम अशी की व्ही.टी.ची नाडी बहुधा नियमित असते. घड्याळासारखी नियमित, केवळ अतिशय द्रुत. आम्ही फसलो ते येथेच.

दुसरा गैरसमज केवळ आपलाच नाही. 'रुग्ण बोलतो आहे, रक्तदाब बरा आहे, म्हणजे व्ही.टी. नव्हे' असे मानून अनेक ठिकाणी तिला अलिंदाकडील साधी द्रुतगती समजले जाते. ई.सी.जी.वर क्यू.आर.एस. ०.१२ सेकंद, म्हणजे तीन लहान चौकटी, वा त्याहून रुंद असेल आणि गती द्रुत असेल, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत ती व्ही.टी.च मानावी. पूर्वी झटका आलेला असेल तर संशयास जागाच नाही. अतिदक्षता विभागात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अशा रुग्णास वेरापामिल शिरेतून दिल्यास रक्तदाब एकाएकी कोसळून मृत्यू ओढवू शकतो. व्ही.एफ.च्या ई.सी.जी.त वाचण्यासारखे काही नसते. पी, क्यू.आर.एस., टी काहीच ओळखू येत नाही, केवळ वेड्यावाकड्या लाटा दिसतात. ती काढत बसण्यास वेळही नसतो.

शॉक एकच, पण कळ वेगळी

दोन्ही अवस्थांत विद्युत्‌-आघात उपयोगी पडतो. परंतु देण्याची रीत भिन्न आहे, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. व्ही.टी.त नाडी असताना दिलेला आघात ई.सी.जी.तील टी तरंगावर पडला तर त्यातूनच व्ही.एफ. उत्पन्न होऊ शकते. म्हणून यंत्रावरील 'सिंक' ही कळ दाबावी लागते; यंत्र क्यू.आर.एस. ओळखून नेमक्या त्याच क्षणी आघात सोडते. बर्नार्ड लाऊन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत रूढ केली. व्ही.एफ.मध्ये क्यू.आर.एस. नसतोच. तेथे 'सिंक' चुकून चालू राहिली तर यंत्र न सापडणाऱ्या तरंगाची वाट पाहत बसते आणि आघात सुटतच नाही. १०८ क्रमांकाच्या सेवेत आपले पुष्कळ पदवीधर २०१४ पासून काम करीत आले आहेत. त्यांच्यासाठी ही गोष्ट पुस्तकी नाही.

ज्यांच्या चिकित्सालयात असे यंत्र नाही, त्यांचे कर्तव्य सोपे आहे. सनाडी, शुद्धीवर असलेल्या रुग्णास निजवावे, चालू देऊ नये, जिना उतरू देऊ नये, दुचाकीवर तर मुळीच पाठवू नये. शॉक-यंत्र असलेली रुग्णवाहिका बोलवावी. ई.सी.जी. काढता आला तर तो कागद रुग्णाबरोबर द्यावा. गती पूर्ववत झाल्यावर निदानासाठी तेवढाच पुरावा उरतो.

रुग्ण कोसळला, प्रतिसाद नाही, श्वास नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी दाब सुरू करावा. प्रौढात खोली पाच ते सहा सेंटिमीटर, गती मिनिटाला १०० ते १२०, आणि कृत्रिम श्वास देता येत असेल तर तीस दाबांमागे दोन श्वास. छाती न उघडता बाहेरून दाबून रक्ताभिसरण राखता येते, हे कौवेनहोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये दाखवून दिले. कौवेनहोवेन हे विद्युत् अभियंते होते, वैद्य नव्हेत! दाब न देता शॉकला उशीर झाल्यास प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

येथे दोन घोटाळे नेहमी होतात. व्ही.एफ.च्या आरंभी हातपाय झटकल्यासारखे होतात. लोक ती फेफरे समजून कांदा किंवा चप्पल हुंगवतात. मग रुग्ण मासा तडफडावा तसे अधूनमधून आचके देतो. तो श्वास नव्हे, परंतु 'श्वास चालू आहे' म्हणून दाब थांबविले जातात. आमच्या पिढीतील वैद्यांस अशा प्रसंगी हेमगर्भाची मात्रा उगाळण्याची ओढ असते. हेमगर्भाविषयी आमच्या मनात आदर आहे; पण नाडी नसलेल्या देहात जिभेवरील औषध वाहून कोण नेणार? उलट बेशुद्धाच्या श्वासमार्गात ते जाण्याचे भय. अर्जुनाचे हृद्यत्वही नित्यसेवनाचे आहे, या क्षणाचे नव्हे.

आपल्या औषधपेटीतील कारणे

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींस या विषयाशी काय कर्तव्य, असे वाटू शकेल. वत्सनाभ, म्हणजे बाजारातील बचनाग, याचे उत्तर आहे. त्यातील अकोनिटाइन हृदयाच्या पेशींतील सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते, आणि त्यातून व्ही.टी. व व्ही.एफ. दोन्ही होतात. ओठ व जिभेस मुंग्या, बधिरता, ओकारी ही पूर्वलक्षणे काही मिनिटांपासून दोनेक तासांत दिसतात. त्यावर विशिष्ट प्रतिविष नाही आणि शॉकलाही ही गती पुष्कळदा दाद देत नाही. गोमूत्रातील वा दोलायंत्राने गोदुग्धातील शोधन हा कर्मकांडाचा भाग नव्हे. शोधनात अकोनिटाइनचे विघटन होऊन कमी विषारी द्रव्ये बनतात. अर्धवट शोधन केलेला वत्सनाभ त्रिभुवनकीर्ती वा आनंदभैरवात गेला तर दोष कल्पाचा नसतो, करणाऱ्याचा असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई(१) मध्ये वत्सनाभ आहे, आणि अशा पोटात घ्यावयाच्या कल्पांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' या अर्थाची सूचना ठळक असणे बंधनकारक आहे. सर्दी-तापाला ओळखीचा म्हणून त्रिभुवनकीर्ती गोळ्या मोजून देणाऱ्याने ती सूचना एकदा स्वतः वाचावी. कच्चा बचनाग इतर मुळांच्या शेजारी ठेवू नये आणि सुटा विकू नये. कण्हेरीच्या विषातही, यंत्रणा वेगळी असली तरी, अशाच घातक गती उत्पन्न होतात.

दुसरे कारण कमी ठळक आहे. रक्तातील पोटॅशियम उतरले की निलये अस्थिर होतात, आणि व्ही.टी.चा एक वळसे घेणारा प्रकार उद्भवू शकतो; फ्रेंच वैद्य देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये त्याला 'तोर्साद द पॉइंत' असे नाव दिले. मूत्रल गोळ्या चालू असलेल्या हृद्रोग्यास विरेचन द्यावयाचे झाल्यास आम्ही आता आधी पोटॅशियम तपासून घेतो. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यानेही ते उतरते. अम्लपित्तासाठी महिनोन्‌महिने ज्येष्ठमधाचे चूर्ण घेणारा रुग्ण हृद्रोगाच्या गोळ्याही घेत आहे काय, हे विचारावे.

आणि रुग्ण पुढे पाठविताना आपण कोणते रसकल्प, किती मात्रेत, केव्हापासून दिले, हे चिठ्ठीवर स्वच्छ लिहावे. संकोचापोटी ही ओळ गाळली जाते, असा आमचा अनुभव आहे. वत्सनाभाचा संशय आला तर समोरच्या तज्ज्ञाची औषधयोजना बदलते, आणि ही माहिती त्यास दुसऱ्या कोणत्याही तपासणीतून तातडीने मिळणार नसते.