तेल, चेंडू आणि हात



बोलिंग म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. मी बोलणार आहे ते अमेरिकेतील दहा पिनांच्या खेळाविषयी. युनियनवाल्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. अमेरिकन बोलिंग काँग्रेसचे सभासदत्व १९१६ पासून केवळ गोऱ्या पुरुषांना खुले होते. मोटार कामगारांच्या युनियनने त्याविरुद्ध लढा दिला आणि १९५० साली वर्णाची अट गेली. ज्या खेळासाठी कामगार इतके भांडले त्यात आहे तरी काय, म्हणून मी खोलात शिरलो.

लेन साठ फुटांची असते, आणि तिच्यावर तेल दिलेले असते. प्रेक्षकाला ते दिसतही नाही! बहुधा पहिल्या चाळीसेक फुटांवर तेल, पुढे कोरडे. स्वतःभोवती फिरणारा चेंडू तेलावरून घसरत जातो आणि पकड मिळताच पिनांकडे वळतो. ही पकड लवकर मिळणार की उशिरा, ते बरेचसे त्याच्या पृष्ठभागावर ठरते. कारखान्यात यंत्राखाली तेल सांडले की गुळगुळीत तळाची चप्पल घसरते, खरबरीत तळाची टिकते. तसेच हे आहे. ५०० नंबरच्या घासणीने घासलेला चेंडू तेलातही लवकर पकडतो. ४००० नंबरचा किंवा पॉलिश केलेला लांबवर घसरतो आणि शेवटी झटक्याने वळतो.

तेव्हा तेल भरपूर तर चेंडू खरबरीत, तेल थोडे तर गुळगुळीत. पण एवढ्याने भागत नाही. हात कोणाचा, हेही पाहावे लागते. जो जोरात टाकतो आणि फिरकी कमी देतो, त्याच्या चेंडूला पकडायला वेळच मिळत नाही. त्याला खरबरीत हवा. सावकाश टाकून भरपूर फिरकी देणाऱ्याने तोच घेतला, तर चेंडूची ताकद वाटेतच खर्च होते आणि तो पिनांपाशी मरगळून पोहोचतो. शेजाऱ्याचे पाहून आपला चेंडू घासणारा म्हणूनच फसतो.

शिवाय लेन स्थिर राहत नाही. १९९० नंतर रुळलेली रेझिनची कवचे तेल शोषून घेतात, त्यामुळे खेळता खेळता लेन कोरडी पडत जाते. मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळ सुरू झाल्यावर चेंडू घासायला मनाई आहे; म्हणून जाणता खेळाडू निरनिराळे घासलेले दोन-तीन चेंडू बरोबर नेतो. घासलेला चेंडूही काही डावांनंतर आपोआप गुळगुळीत होतो, आणि घरी गेल्यावर त्याला पुन्हा घासणी लावावी लागते.