मार खाण्याची तालीम

जेम्स लॉसन हे कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण मेथडिस्ट मिशनरी म्हणून 1953 मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तिथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर 1959 मध्ये त्यांनी नॅशव्हिलच्या एका चर्चमध्ये विद्यार्थ्यांची अक्षरशः मार खाण्याची तालीम सुरू केली. काही जण गोरे गुंड व्हायचे. शिव्या द्यायचे, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचे, खुर्चीवरून खाली ओढायचे. बाकीच्यांनी हात उचलायचा नाही, डोकं तेवढं सांभाळायचं.

त्या शहरातल्या मोठ्या दुकानांचा न्याय अजब होता. काळ्या गिऱ्हाइकाचे पैसे चालत, पण तिथल्याच उपाहार-काउंटरवर त्याला बसू देत नसत. 13 फेब्रुवारी 1960 पासून हे विद्यार्थी नीटनेटक्या कपड्यांत, पुस्तकं घेऊन तिथे जाऊन बसू लागले. 27 तारखेला जमावाने त्यांना बडवलं. पोलिसांनी अटक केली ती मात्र मार खाणाऱ्यांना! लॉसन शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानेही त्यांना काढून टाकलं.

अखेर दुकानदार नमले; त्यामागे कृष्णवर्णीयांच्या खरेदी-बहिष्काराचाही मोठा हात होता. ईस्टरचा हंगाम बुडाला. 10 मे रोजी सहा दुकानांची काउंटरं सर्वांसाठी खुली झाली.