मोखाड्यातला जुना टिलर आणि त्याचे सुटे भाग

चेनकेसच्या तळाचा बोल्ट सैल केला की मिस्त्री आधी ऑइल बोटावर घेऊन बघतो. काळं आलं, तर ते नुसतं जुनं झालंय. दुधट आलं, तर आत पाणी शिरलंय आणि काम वाढलंय. पॉवर टिलरची पाती चिखलात बुडून फिरतात. पात्यांच्या शाफ्टवर रबरी ओठाचा एक ऑइल सील असतो. बाहेरचा गाळ आणि आतलं ऑइल वेगळं ठेवायचं काम तोच करतो. त्याचा ओठ झिजला की गाळ आत जातो, वंगण संपतं, बेअरिंग खडखडायला लागतं आणि ढिली पडलेली चेन केसला आतून घासू लागते. एका हंगामात एवढं सगळं होऊन जातं.

जव्हार-मोखाड्यात हा हंगाम फार थोड्या दिवसांचा. भाताची खाचरं डोंगरउतारावर, पायरीपायरीने बांधलेली. वरकस जमिनीवर नागली, वरई, खुरासणी. जूनमध्ये पाऊस धरला की राबात रोपं उगवतात आणि जुलैत आवणीची घाई होते. चिखलणीसाठी मोठा ट्रॅक्टर खाचरात उतरवायचा तर त्याला वळायलाच जागा नसते. बैलजोडी वर्षभर पोसणं अनेक घरांना झेपत नाही. मग दोन मुठी धरून मागे चालत चालवायचा टिलर कामाला येतो. नव्याची किंमत जड, म्हणून कितीतरी जण दुसऱ्याने वापरलेलाच घेतात. अशा यंत्रासोबत पुस्तिका नसते, बिल नसतं. कधीकधी तर कंपनीची पट्टीही गळून गेलेली असते.

या यंत्राचं कूळ जपानी. भाताच्या छोट्या खाचरांसाठी जपानने ते घडवलं आणि तिथूनच ते आपल्याकडे आलं. बंगळूरच्या व्हीएसटीने 1967 साली मित्सुबिशीच्या तांत्रिक सहकार्याने सुरुवात केली. केरळात अथानीला 1973 मध्ये उभ्या राहिलेल्या कॅमकोने कुबोटाचं तंत्र घेतलं. आडवं, एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं डिझेल इंजिन, बारा-तेरा अश्वशक्तीचं. तिथून पट्ट्यांनी गिअरबॉक्सला ताकद आणि गिअरबॉक्समधून पात्यांना. चालू मॉडेलचे भाग कंपनीच्या विक्रेत्याकडे मिळतात. पंचवीस-तीस वर्षांच्या टिलरचं तसं नाही. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन यंत्रांत मधल्या काळात केसिंग बदललेलं असतं, शाफ्ट दोन मिलिमीटरने जाड झालेला असतो. म्हणून दुकानात मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. इंजिन नंबर लागतो आणि निघालेला तुकडा हातात लागतो.

तो तुकडा रॉकेलने धुऊन, पुसून उजेडात धरला की शोध सुरू होतो. बेअरिंगच्या कडेवर बारीक कोरलेला आकडा असतो. समजा 6205. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणलं की आतलं छिद्र कळतं: पंचवीस मिलिमीटर. बाहेरचा व्यास 52, जाडी 15. हे माप जगभर एकच आहे. त्यामुळे यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, कंपनी चालू असो की बंद पडलेली, काउंटरवर जाऊन ‘टिलरचं बेअरिंग द्या’ म्हणणाऱ्याला दुकानदार नाही म्हणतो आणि ‘बासष्ट-झिरो-पाच’ म्हणणाऱ्यासमोर डबा ठेवतो. एवढी एक खबरदारी घ्यावी लागते: ऑइलमध्ये बुडालेल्या जागी मूळ बेअरिंग उघडं असेल, तर नवंही उघडंच घ्यायचं. दोन्ही बाजूंनी रबराने बंद केलेलं बसवलं तर केसमधलं ऑइल गोळ्यांपर्यंत पोचत नाही.

ऑइल सीलवरही तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, जसं 35-52-8. पण इथे नवा सील आणून काम संपत नाही. जुन्या ओठाने वर्षानुवर्षं घासून शाफ्टवर घळ पाडलेली असते. नख फिरवलं की ती लागते. नवा सील त्याच घळीवर बसला तर आठवड्यात पुन्हा गळतो. जाणता मिस्त्री जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर अलीकडे ठोकतो, म्हणजे ओठ न झिजलेल्या पट्ट्यावर टेकतो. जागा नसेल तर शाफ्ट लेथवर जातो. वेल्डिंगने भर घालायची, पुन्हा मापात कातायचं आणि पॉलिश करायचं.

पट्ट्यांचं गणित सोपं आहे. ‘बी’ पट्टा म्हणजे वरची रुंदी 17 मिलिमीटर, पुढचा आकडा इंचातली लांबी. तीन पट्ट्यांपैकी एक तुटला तरी तिन्ही एकदम बदलायचे. जुने दोन ताणून लांबलेले असतात, सगळा भार नव्यावर येतो आणि तोही लवकर तुटतो.

बोल्टने मात्र अनेक टिलर कायमचे जायबंदी केलेत. दहा मिलिमीटरचा बाजारी बोल्ट दीड मिलिमीटर पिचच्या आट्यांचा असतो. जपानी घडणीच्या यंत्रांत बऱ्याच ठिकाणी त्याच जाडीचा, पण सव्वा मिलिमीटर पिचचा बोल्ट येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन फेरे हाताने जातात, मग अडकतो, मग पान्याला पाइप लावून कोणीतरी जोर करतं आणि बिडाच्या केसिंगमधले आटे उपटून निघतात. आटे मोजायच्या साध्या पिच-गेजने हे केसिंग वाचलं असतं.

डिझेलचा पंप आणि नोझल यांना मात्र तालुक्यात हात लावू नये. अनेकांच्या तोंडी अजून ‘मायकोचा पंप’ आहे. ती कंपनी 2008 पासून बॉश या नावाने चालते, पण जुन्या नोझलवर कोरलेली अक्षरं आणि आकडे आजही ओळख पटवतात. नोझलचा फवारा आणि दाब यंत्रावर लावून बघावा लागतो. ते काम नाशिकचं.

मोखाड्याहून तोरंगण घाट चढून त्र्यंबकेश्वर आणि पुढे नाशिक, हाच सुट्या भागांचा रस्ता. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे तिथे लेथ आहेत, गिअर कापणारे आहेत, उष्णता देऊन पोलाद कडक करणारे आहेत. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार जुन्या लोखंडासाठी सगळ्यांना ठाऊक होता. 2017 साली महापालिकेने तिथली अतिक्रमणं पाडली आणि खरेदीदारांचे ठरलेले पत्ते विस्कटले. भंगारातला गिअर घ्यायचा तर दात मोजायचे आणि दातांच्या दोन्ही बाजू बघायच्या. एकाच बाजूने झिजलेला कधी उपयोगी पडतो, पण दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसली तर सोडून द्यायचा.

भंगारात नाहीच मिळाला तर गिअर बनवून घेता येतो. सरळ दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास मोजायचा आणि दातांच्या संख्येत दोन मिळवून त्या बेरजेने भागायचं. बावीस दात आणि 72 मिलिमीटर व्यास असेल तर 72 भागिले 24, म्हणजे 3 मोड्यूल; दाताच्या आकाराचं हे माप. उत्तर असं नीट सुटलं तर बाजारातल्या कटरने दात कापता येतात. अपूर्णांक आला तर घाई करायची नाही. एकतर माप झिजलेल्या टोकावर घेतलंय, किंवा दातांचा आकार मुळातच थोडा बदललेला आहे. अशा वेळी त्याच्याशी जुळणारा दुसरा गिअरही सोबत न्यावा लागतो. पोलादही नुसतं कोणतंही चालत नाही. ईएन 353 सारखं, वरून कडक आणि आतून चिवट राहणारं घ्यावं लागतं. साध्या पोलादाचा गिअर पहिल्याच चिखलणीत दात टाकतो.

या सगळ्याला वेळ लागतो आणि जुलैत वेळ नसतो. तेव्हा बिघडलेला टिलर आठवडाभर पडून राहिला तर रोपं राबातच उंच होतात, आवणी लांबते आणि उतारा घटतो. म्हणून यंत्र उघडायचं ते भात झोडून झाल्यावर, दिवाळीनंतर. त्या दिवसांत लेथवाला मोकळा असतो, चुकीचा भाग परत करून दुसरा आणता येतो आणि निघालेला प्रत्येक आकडा निवांत लिहून ठेवता येतो.

हे लिहून ठेवणं सगळ्यांत जास्त राहून जातं. कुठल्या टिलरला कुठलं बेअरिंग, कुठला सील, कुठल्या आट्यांचा बोल्ट, ही माहिती आज पाच-सहा मिस्त्रींच्या डोक्यात आहे. त्यांतला एक गावाला गेला तरी दहा यंत्रं थांबतात. सरकारी यांत्रिकीकरणाच्या योजना नवं यंत्र घेणाऱ्याला अनुदान देतात आणि ते हवंच. पण शेतात उभ्या असलेल्या जुन्या यंत्रांच्या मापांचा एक तक्ता करायला अनुदानाचीही गरज नाही. जव्हारला शासकीय आयटीआय आहे. व्हर्नियर कॅलिपर, पिच-गेज आणि मापं घ्यायला शिकणारी मुलं अशा संस्थेत असतातच. त्यांनी एका उन्हाळ्यात गावोगावचे टिलर उघडून मापं घेतली, तर तक्ता कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावता येईल. मग शेतकऱ्याला नाशिकची गाडी धरायच्या आधीच फोनवर विचारता येईल: बासष्ट-झिरो-पाच उघडं आहे का, आणि पस्तीस-बावन्न-आठचा सील?