नागरकाचें नित्यकर्म

'नागरिक' म्हणजे नगरांत राहणारा मनुष्य, हा अर्थ आज रूढ आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत मात्र हा शब्द (पाठांतरानें 'नागरक') नगराच्या मुख्य अधिकाऱ्याचा वाचक आहे. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केल्यापासून त्यांतील राजनीतीवर विपुल लेखन झालें; परंतु नागरकाच्या कर्तव्यांचा अध्याय (अधिकरण २, अध्याय ३६) बहुधा हेरगिरीचें प्रकरण म्हणूनच वाचला जातो. तें वाचन अपुरें आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

दहा, वीस किंवा चाळीस कुळांवर एक 'गोप', नगराच्या चतुर्थांशावर एक 'स्थानिक', आणि या सर्वांवर नागरक, अशी योजना आहे. आपल्या कुळांतील स्त्रीपुरुषांची जात, गोत्र, नांव, व्यवसाय, इतकेंच नव्हे तर जमाखर्चहि गोपास ठाऊक असावा. घरीं उतरलेला पाहुणा किंवा वैद्याकडे गुप्तपणें व्रणावर उपचार करून घेणारा रोगी, यांची वर्दी वर गेलीच पाहिजे. पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडेहि येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद असे, हें वाचकांस स्मरेल. येथवर हेरगिरीचा आक्षेप खरा आहे.

पण पुढें ग्रंथकार वळतो तो आगीकडे. उन्हाळ्यांत मधल्या दोन प्रहरीं चूल पेटविणारास अष्टमांश पण दंड. स्वयंपाक करावयाचा तर घराबाहेर करावा. प्रत्येक घरीं पाण्याचे घट, शिडी, परशु, सूप, आंकडा, चामड्याची पखाल हीं साधनें असावींत. लोहारादि अग्निजीवी एके ठिकाणीं वसवावेत, गवताचीं छपरें काढून टाकावींत. आग लागली असतां न धावणाऱ्या घरमालकास १२ पण दंड, भाडेकऱ्यास ६. भाडेकऱ्याची ही अर्धी सवलत मोठी मार्मिक आहे! रस्त्यांत धूळ टाकणें, चिखलपाण्यानें वाट अडविणें, यांसहि दंड असून राजमार्गावर तो दुप्पट होतो. अस्थानीं मलविसर्जन झालें, परंतु कारण औषध, व्याधि किंवा भय असेल, तर मात्र दंड नाहीं.

आतां खुद्द नागरकाविषयीं. पाण्याचीं ठिकाणें, मार्ग, गुप्त वाटा, वप्र आणि तट यांची पाहणी त्यानें प्रत्यहीं करावयाची. हरवलेल्या व विसरलेल्या वस्तूंचें रक्षण त्याच्याकडे. रात्रीं घडलेला अपराध त्यानें वर कळविला नाहीं, तर त्या अपराधाच्या मानानें त्यासच दंड. केवळ हयगय झाली तरी सुटका नाहीं. अडवूं नये त्यास अडविणारे आणि अडवावें त्यास सोडणारे पहारेकरी हेहि दंडास पात्र होत. प्रजेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेवरच शास्त्रकारानें अशी नजर ठेविली आहे, इकडे अभ्यासकांचें लक्ष थोडें गेलें आहे.

हा विधि आहे, वृत्तांत नव्हे. आणि ग्रंथाचा काळहि वादग्रस्त आहे. मेगास्थेनीसच्या आधारें स्ट्राबोनें जें नगरवर्णन दिलें आहे, त्यांत एक अधिकारी नसून पांच पांच जणांचीं सहा मंडळें आहेत. तेव्हां दोन्ही साधनें एकमेकांत मिसळून 'मौर्यकालीन नगरव्यवस्था' रचूं नये. दोहोंत समान आढळतें तें परकीयांवर लक्ष ठेवणें आणि माणसांची नोंद.