संस्थेची घटना आणि संस्थेचें काम

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरांत कोणी ना कोणी एखाद्या संस्थेचा चिटणीस, खजिनदार किंवा निदान सभासद असतोच. फडताळांत वह्यांचा एक गठ्ठा असतो, पावतीपुस्तक असतें, आणि रविवारच्या जेवणाची वेळ टळली कीं घरांतील मंडळी समजून असतात, ‘आज सभा आहे.’ ह्या सभांतून नक्की काय निष्पन्न होतें, हा प्रश्न मात्र घरांत सहसा कोणी विचारीत नाहीं.

गेल्या वर्षीं जळगांवांतील एका जुन्या लहानशा संस्थेनें आम्हांस सल्ल्यासाठीं बोलाविलें. संस्थेचें नांव येथें देत नाहीं. तशा संस्था गांवोगांव आहेत. घटनेंत अकरा उद्देश होते : वाचनालय, व्यायामशाळा, व्याख्यानें, होतकरू मुलांस साहाय्य, संस्कृतप्रचार, आणखी कितीतरी. प्रत्यक्षांत दोन खोल्या, कांहीं ठेव आणि वर्षाकांठीं एक व्याख्यानमाला. दोन तास भिंतींच्या रंगावर खल झाला. तेव्हां मागच्या रांगेंतील एका बाईंनीं विचारिलें, “गेल्या वर्षीं आपल्यामुळें कोणाचें काय झालें, तें कोणी सांगेल का?” सभेंत कोणी बोलेना. आम्हीही गप्पच होतों, हें कबूल केलें पाहिजे.

उत्तर शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. खानदेशांतच, धुळ्यास, शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनीं १८९३ मध्यें सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली. नांव असें कीं जगांतील कोणतेंही चांगलें काम त्यांत बसावें. परंतु आज ही सभा ओळखिली जाते ती एकाच कामामुळें. मठामठांतून फिरून समर्थसंप्रदायाचीं हस्तलिखितें मिळवावयाचीं, तीं जतन करावयाचीं व छापावयाचीं. डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून सिद्ध केलेला दासबोध देवांनीं १९०५ मध्यें प्रसिद्ध केला. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांतील हस्तलिखितांचा संग्रह हें त्याच कामाचें फळ.

त्याच गांवीं दुसरी गोष्ट घडली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे पुण्यास १९१० मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारे. पुढें तेथें पटेनासें झालें व अखेरचीं वर्षें त्यांनीं धुळ्यास काढिलीं. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते वारले. मागें राहिले ते कागद : जुनीं दप्तरें, टिपणें, अर्धवट कोश. १९२७ मध्यें त्यांच्या चाहत्यांनीं राजवाडे संशोधन मंडळ काढिलें. अशा प्रसंगीं पुतळा उभारून मोकळें होणें सोपें असतें. ह्या मंडळींनीं कागदांचें काम अंगावर घेतलें. धातुकोश कृ. पां. कुलकर्णी ह्यांच्या संपादनाखालीं १९३७ मध्यें निघाला, नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ मध्यें, आणि समग्र साहित्याचे तेरा खंड तर थेट १९९० च्या दशकांत, म्हणजे ज्यांनीं मंडळ स्थापिलें त्यांच्या नातवंडांच्या काळांत. हें मंडळ तगलें, ह्याचें कारण आमच्या मतें हेंच कीं उद्यां सकाळीं उठून काय करावयाचें, हें तेथें येणाऱ्या नव्या माणसास सांगावें लागत नव्हतें. कागद समोर होते.

अमळनेरचें तत्त्वज्ञान मंदिर थोडें निराळें आहे. श्रीमंत प्रतापशेठांनीं तें १९१६ मध्यें काढिलें. हेतु स्पष्ट होता, पैसाही होता. अद्वैताचा अभ्यास करणाऱ्या पंडितांस तेथें राहावयाची सोय होती, साने गुरुजीही प्रथम अमळनेरास आले ते येथेंच. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हें त्रैमासिक तेथून निघत असे. तरी १९७३ मध्यें ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ निघालें तें पुणें विद्यापीठांतून. काम करणारे विद्वान् बाहेरगांवाहून आणावयाचे असल्यास, त्यांस दुसरीकडे चांगली जागा मिळाली कीं काम त्यांच्या मागोमाग जातें, अशी आमची समजूत आहे. नुसता हेतु आणि पैसा पुरत नाहीं. जवळच्या गांवांतून हातही मिळावे लागतात.

हें सर्व आम्हीं जळगांवच्या मंडळींस सांगितलें. मग आम्हीं एवढेंच सुचविलें कीं महिनाभर दाराशीं वही ठेवावी आणि कोण येतो, कशासाठीं येतो, तें लिहावें. वहीनें सर्वांस चकित केलें. येणारे बहुतेक आसपासच्या खेड्यांतील, परीक्षेच्या अभ्यासाला बसावयास जागा नसलेले मुलगे व मुली. ग्रंथ कोणी फारसे नेत नव्हतें. उद्देश बदलावयाचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीची वाट धरावी लागते. म्हणून अकराही उद्देश कागदावर तसेच ठेवून, तीन वर्षें पैसा व माणसें अभ्यासिकेवरच खर्च करावीं, असें ठरलें. व्याख्यानमाला बंद झाली.

ती व्याख्यानमाला एका वृद्ध सभासदांच्या वडिलांच्या नांवें चाले. त्यांनीं राजीनामा दिला नाहीं, पण चिटणिसांशीं बोलणें टाकिलें. त्यांचें दुःख खोटें नव्हतें. नाहीं म्हणावयाचें तें वाईट गोष्टींस नव्हे, चांगल्याच गोष्टींस म्हणावें लागतें, आणि तें आपल्याच माणसांस. बाईंनीं स्वतः त्यांच्या घरीं जाऊन अभ्यासिकेस त्यांच्या वडिलांचें नांव देण्याविषयीं विचारिलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. दिवे रात्रीं दहापर्यंत असतात, आणि विजेचें बिल दुप्पट झाल्याची तक्रार खजिनदार प्रत्येक सभेंत करितात.