इप्पत्तैदु म्हणजे पंचवीस

अभ्यास कसा करावा याविषयीचा उपदेश मराठीत मुबलक आहे. पहाटे उठावे, वेळापत्रक करून भिंतीवर लावावे, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित कराव्यात आणि धडा पुन्हा पुन्हा वाचावा, या चार सूत्रांतच त्यातील बहुतेक भाग आटोपतो. या सूत्रांमागे एक ठरावीक विद्यार्थी गृहीत धरलेला असतो: त्याला बसायला स्वतंत्र कोपरा आहे, पहाटे दिव्याची सोय आहे आणि त्याच्या पाठ्यपुस्तकाची भाषा तीच त्याच्या आईची भाषा आहे. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात पहिल्या दोन गोष्टींची पावसाळ्यात खात्री नसते आणि तिसरी बहुतेक घरांत मुळातच नसते. त्यामुळे असा उपदेश जेथे निरुपयोगी ठरतो तेथे मुले प्रत्यक्षात शिकतात तरी कशी, हा प्रश्न येथील एखाद्या शिकवणीत जाऊन बसल्याशिवाय सुटत नाही.

जोयडा हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा, विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ तालुका असून त्याचे जुने नाव सुपा. सुपा हे गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि उठवलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन रामनगरात झाले. तालुक्याचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. येथील कुणब्यांची भाषा कोकणी, गवळ्यांची बोली मराठी वळणाची आणि सिद्दींची कोकणी-मराठीच्या मिश्रणाची असून, 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात असल्यामुळे जुन्या पिढीला मराठी शाळाही ठाऊक आहे. आजच्या मुलांपैकी बहुतेक कन्नड माध्यमात शिकतात. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यातील हे अंतर कोणत्याही वेळापत्रकात दाखवता येत नाही, परंतु शिकवणीचा निम्म्याहून अधिक वेळ तेच खाते.

शिकवणीला कन्नडमध्ये ‘मनेपाठ’, म्हणजे घरी दिलेला धडा, असे म्हणतात. मुले मात्र सरसकट ‘ट्यूशन’च म्हणतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 28 व्या कलमाने शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणी करण्यास मनाई केलेली असल्यामुळे हे काम बहुधा गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीकडे येते, आणि येथे वर्णिलेली शिकवणीही अशाच एका तरुणीची आहे. मुले तिला ‘अक्का’ म्हणतात. शाळा सुटल्यावर ओसरीवर पहिलीपासून दहावीपर्यंतची मुले एकत्र बसतात, आणि वाटेवर गवे येत असल्यामुळे काळोख पडण्यापूर्वी सर्वांना घरी पोहोचावे लागते. तेव्हा सगळे विषय आणि सगळ्या इयत्ता मिळून हाती असतो तो जेमतेम दीड-दोन तासांचा वेळ. जून ते सप्टेंबर या काळात त्या ओसरीवर एक वास ठाण मांडून असतो: दमट कागदाचा, ओल्या छत्र्यांचा आणि आतल्या चुलीच्या धुराचा मिळून झालेला. वह्या प्लास्टिकच्या पिशवीतून निघतात आणि पिशवीतच परत जातात, तरीही त्यांची पाने पापडासारखी उठलेली असतात व त्यांवर शाई पसरते. अक्काने बॉलपेन आणि पाटी यांचाच आग्रह का धरला आहे, हे त्या वासावरूनच कळते.

या ओसरीवर एक आकडा सतत कानी पडतो, तो म्हणजे 625. कर्नाटकातील दहावीची, म्हणजे एसएसएलसीची, परीक्षा एकूण 625 गुणांची असते: पाच विषयांचे प्रत्येकी 100 आणि ‘प्रथम भाषे’चे 125. प्रथम भाषा ही परीक्षा मंडळाची संज्ञा असून ती मुलाच्या तोंडी प्रथम आलेली भाषा असेलच असे नाही. कन्नड माध्यमातील कुणबी किंवा गवळी मुलाच्या बाबतीत ती त्याने शाळेत गेल्यावर शिकलेली भाषा असते, आणि एकूण गुणांचा पाचवा हिस्सा तिच्यावर ठरतो. पालक विचारतात तेही ‘सहाशे पंचवीसपैकी किती’ असेच.

नेमका हाच आकडा चौथीतल्या एका मुलीने पाटीवर 652 असा लिहिला, आणि अक्काची शिकवणी समजून घेण्यासाठी ती चूक पुरेशी आहे. मराठीत आणि कोकणीतही ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर. ऐकलेल्या क्रमाने अंक मांडणारे मूल ‘सहाशे पंचवीस’ ऐकून सहा, पाच, दोन असे लिहिते, म्हणजे त्याने चूक केली असली तरी ऐकण्यात कसूर केलेली नसते. कन्नडमध्ये तीच संख्या ‘आरुनूर इप्पत्तैदु’ अशी उच्चारली जाते: सहाशे, वीस, पाच. येथे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच आहे. 29 ला मराठीत तिसातून एक उणा करून ‘एकोणतीस’ म्हणावे लागते, तर कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंबत्तु’, म्हणजे सरळ वीस-नऊ. महाराष्ट्रात 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यानामे आली तेव्हा केवढे वादळ उठले होते. जोयड्यातल्या मुलांना मात्र ती सोय शेजारच्या भाषेने आयतीच देऊन ठेवलेली आहे. अक्काने त्या मुलीला रागे न भरता संख्या कन्नडमध्ये म्हणायला लावली, मग लिहायला लावली आणि शेवटी मराठीत वाचायला लावली. पाटीवर 625 उमटले. पाढ्यांच्या बाबतीत मात्र ती नेमके उलट करते: कन्नडमधील ‘मग्गी’ शाळेत घटवून घेतलेली असली तरी, मनातल्या मनात गुणाकार करताना ज्या मुलाचे ओठ ‘बे दुणे चार’ असे हलतात त्याला ती मराठीतच राहू देते. कोणत्या कामाला कोणती भाषा सोपी, हे तिने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

तिचा दुसरा नेम असा की धडा एकदा वाचून झाला की पुस्तक मिटायचे आणि काय वाचले ते सांगायचे, तेही आधी घरच्या भाषेत आणि नंतर कन्नडमध्ये. मराठीत ज्याला ‘तोंडपाठ’ म्हणतात त्याला कन्नडमध्ये ‘बायिपाठ’ हा शब्द आहे, आणि ‘बायि’ म्हणजे तोंडच. दोन्ही भाषांना एकच प्रतिमा सुचली, परंतु दोन्हीकडे तिचा अर्थ घोकंपट्टीपर्यंत घसरला. मिटलेल्या पुस्तकासमोर आठवून सांगणे ही घोकंपट्टीहून वेगळी क्रिया आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की पाठ केलेली गोष्ट सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर हळूहळू विसरली जाते. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांना असे आढळले की धडा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असले तरी आठवड्यानंतरच्या चाचणीत, वाचून झाल्यावर स्वतः आठवून पाहणारे त्यांच्या पुढे जातात. डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा रीतींची छाननी केली, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी करणे या दोन रीती सर्वांत वर आल्या, तर अधोरेखन आणि पुनर्वाचन ही आपल्या भिंतीवरच्या तक्त्यांची लाडकी जोडी तळाशी गेली. ओसरीवर रोजचा पहिला प्रश्न कालच्या धड्यावरचा आणि दुसरा गेल्या आठवड्याच्या धड्यावरचा असतो. वह्या तेव्हा पिशवीतच असतात.

भाषेच्या तासाला खरी कसोटी लागते. कन्नड वर्णमालेचा क्रम देवनागरीसारखाच असल्यामुळे अक्षरओळख मुलांना जड जात नाही, परंतु कन्नडमध्ये ए आणि ओ या स्वरांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन-दोन रूपे आहेत आणि मराठी कानाला त्यांतील फरक सहसा ऐकूच येत नाही. ‘केरे’ या शब्दातला पहिला स्वर आखूड उच्चारला तर त्याचा अर्थ तळे, आणि लांबवला तर धामण. ‘उक्तलेखना’त, म्हणजे ऐकून लिहिण्याच्या सरावात, एका मुलाने गावाजवळच्या धामणीचे पाणी आटल्याचे लिहिले तेव्हा सर्वांत आधी तोच हसला. त्यानंतर अक्काने बोट पुढे करून आखूड स्वराला एक आणि लांब स्वराला दोन ठोके द्यायला लावले, आणि तो शब्द त्याला बहुधा जन्मभर पुरेल. गाईडमध्ये अशा चुकीला जागा नसते, कारण गाईड लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर हे मूलच नसते.

विज्ञान आणि समाजशास्त्र यांवर फार वेळ जात नाही. स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीवर साठवलेल्या पाण्यात असते तशी ऊर्जा, समजावण्यासाठी गणेशगुडीचे 101 मीटर उंचीचे सुपा धरण आहे, आणि नदीचा उगम ते मुख हा धडा शिकवण्यासाठी याच तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगम पावून कारवारला समुद्रास मिळणारी काळी आहे. ज्या मुलांच्या आजोबांचे शेत त्या जलाशयाखाली आहे त्यांना ही उदाहरणे पाठ करावी लागत नाहीत.

लहान मुलांना मोठ्या मुलांकडे सोपवण्याची तिची रीत प्रथमदर्शनी वेळ वाचवण्याची युक्ती वाटते, परंतु तिला वंशावळ आहे. कर्नाटकातील सरकारी शाळांत पहिली ते तिसरीची मुले ‘नली-कली’ या पद्धतीने एकत्र शिकतात. नली-कली म्हणजे आनंदाने शिक. 1995 मध्ये मैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे येथे सुरू झालेल्या या पद्धतीत मुलांचे पाच गट असतात आणि त्यांतील काही गटांना शिक्षक नव्हे तर सोबतीच मदत करतात. त्याआधी कितीतरी वर्षे पंतोजींच्या शाळांत मोठा मुलगा धाकट्यांना धुळाक्षरे गिरवायला लावीत असे, आणि अँड्र्यू बेल यांनी अशीच रीत मद्रासेत राबवून 1797 मध्ये इंग्लंडात तिचा वृत्तान्त छापला. ओसरीवर सातवीतला मुलगा दुसरीतल्या मुलीला वजाबाकी शिकवताना ‘हातचा’ का घ्यायचा याशी अडखळतो, तेव्हा शिकत असतो तो तोच.

तथापि या कामाकडे केवळ कौतुकाने पाहणे योग्य होणार नाही. जानेवारी उजाडला की दहावीच्या मुलांच्या हाती गाईडे येतात, 625 हा आकडा दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो आणि अक्कासुद्धा निबंध तयार स्वरूपात पाठ करायला सांगते. प्रथम भाषेच्या 125 गुणांपैकी 100 लेखी परीक्षेचे असतात, आणि विचार करून मोडक्या कन्नडमध्ये लिहिलेल्या उत्तरापेक्षा घोकलेले शुद्ध उत्तर अधिक गुण मिळवते, हे तिला स्वतःच्या दहावीपासून ठाऊक आहे. दोष तिचा नाही, परंतु सहा महिने कमावलेली आठवण्याची सवय त्या दोन महिन्यांत मोडते, आणि हे पाहवत नाही. 2020 मध्ये शाळा बंद असताना ‘विद्यागम’ योजनेखाली शिक्षक वस्त्यांवर जाऊन झाडाखाली, देवळाच्या कट्ट्यावर मुले जमवीत, तेव्हा शिक्षण घरच्या भाषेच्या अंगणापर्यंत थोडा काळ आले होते. शाळा उघडल्यावर ते परत वर्गात गेले.

गणेशगुडीच्या बाजूला नौकाविहारासाठी येणाऱ्या आणि जाता जाता एखाद्या शाळेला शैक्षणिक साहित्य देण्याची इच्छा बाळगणाऱ्या मंडळींनी गाईडांचे गठ्ठे आणि अभ्यासाच्या सूत्रांचे रंगीत तक्ते आणू नयेत. आणायचेच असेल तर पाट्या आणाव्यात, बॉलपेने आणावीत, आणि वह्या आणल्या तर प्रत्येक वहीमागे एक जाड प्लास्टिकची पिशवी आठवणीने आणावी.