परदेशी तुरुंगातील नागरिकाची सुटका : लोकमोहीम आणि कायद्याचा आधार

प्रस्तावना

परदेशात एखाद्या नागरिकाला अटक झाली की मायदेशात त्याच्या सुटकेसाठी निवेदने, सह्यांच्या मोहिमा व मोर्चे सुरू होतात. या प्रयत्नांमागील तळमळ स्वाभाविक असली, तरी त्यांचे यश केवळ तळमळीवर अवलंबून नसते. कैदी ज्या राष्ट्राच्या ताब्यात आहे त्याला उत्तर देणे भाग पडेल असा प्रश्न कायद्याच्या भाषेत उपस्थित झाला, तरच मोहिमेला दिशा मिळते. महाराष्ट्राशी संबंधित दोन प्रकरणांच्या आधारे हा मुद्दा प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

कलम ३६ चे स्वरूप

वाणिज्य दूतसंबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३६ हा या विषयाचा पाया आहे. अटक झालेल्या परकीय नागरिकास त्याचे हक्क विनाविलंब सांगणे, त्याने इच्छा व्यक्त केल्यास त्याच्या देशाच्या वकिलातीस कळविणे आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यास त्याला भेटू देणे व त्याच्यासाठी वकील नेमू देणे, ही बंधने या कलमाने घातली आहेत. हे कलम सुटकेची हमी देत नाही. कैदी एकाकी पडू नये, एवढीच तजवीज ते करते.

हमीद अन्सारी प्रकरण

मुंबईचे हमीद अन्सारी इंटरनेटवरून परिचय झालेल्या तरुणीच्या भेटीसाठी नोव्हेंबर २०१२ मध्ये अफगाणिस्तानमार्गे पाकिस्तानातील कोहाट येथे गेले व तेथून बेपत्ता झाले. ते कोणाच्या ताब्यात आहेत, हेच कोणी सांगत नव्हते. अशा वेळी सुटकेची मागणी कोणाकडे करावयाची, हा पहिला पेच होता. त्यांच्या आईने पेशावर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण याचिका, म्हणजेच हेबियस कॉर्पस, दाखल केली. जानेवारी २०१६ मध्ये ते लष्कराच्या ताब्यात असल्याची कबुली न्यायालयासमोर देण्यात आली. बनावट ओळखपत्राबद्दल झालेली तीन वर्षांची शिक्षा संपल्यावर १८ डिसेंबर २०१८ रोजी ते भारतात परतले. मोहिमेमुळे शिक्षेचा एक दिवसही कमी झाला नाही. परंतु बेपत्ता माणूस नोंद असलेला कैदी झाला आणि मुदत संपताच त्याच्या परतीचा प्रश्न न्यायालयात मांडता आला.

या प्रयत्नांना पाकिस्तानातील वकील व पत्रकारांचे सहकार्य लाभले. प्रकरणाचा पाठपुरावा करणाऱ्या लाहोरच्या पत्रकार झीनत शहजादी ऑगस्ट २०१५ मध्ये स्वतःच बेपत्ता झाल्या. त्या सापडल्या ऑक्टोबर २०१७ मध्ये.

कुलभूषण जाधव प्रकरण

निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना अटक केल्याचे पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये जाहीर केले. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. भारताने मे २०१७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी कलम ३६ चा भंग झाल्याचा निर्णय दिला. हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क नाकारता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र शिक्षा रद्द करण्याची व सुटकेची भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हावा आणि तोपर्यंत फाशी स्थगित राहावी, असे सांगितले. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना जाधव यांची प्रथमच भेट मिळाली. जीव वाचणे आणि मोकळे होणे यांतील अंतर या निकालाने दाखविले.

निष्कर्ष

दोन्ही प्रकरणांतून मागण्यांचा एक क्रम दिसतो : ताब्याची कबुली, ठावठिकाणा, वकिलातीची भेट, वकील आणि त्यानंतर सुटका. पहिली पायरी वगळून शेवटची मागणी करणारी मोहीम घोषणांतच अडकते. तसेच त्या देशातील सहकाऱ्यांची सुरक्षितता हाही मोहिमेचाच भाग मानला पाहिजे.

प्रत्येक कैद्याच्या नावाने मोहीम उभी राहत नाही. २००८ च्या करारानुसार भारत व पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण करतात. सागरी हद्द ओलांडल्यामुळे पकडल्या गेलेल्या मच्छीमारांच्या कुटुंबांसाठी त्या यादीतील एक नाव हाच सुटकेच्या प्रयत्नांचा आरंभ असतो.